समतोल कशाचा? समीक्षेतील उसन्या संज्ञा

'भाषेचा पोत', 'कादंबरीचा अवकाश', 'रचनेतील समतोल' हे शब्दप्रयोग मराठी समीक्षेत इतके रुळले आहेत की, त्यांचे दृश्यकलेच्या परिभाषेशी असलेले नाते सहसा कोणाला आठवत नाही. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे दृश्यकलेचे मूलघटक. लय, समतोल, प्रमाण, विरोध, एकात्मता ही संकल्पनाची तत्त्वे. कलाशाळेत प्रवेश घेणाऱ्याला ही विभागणी पहिल्याच वर्षी शिकविली जाते. घटक पृष्ठभागावर दाखविता येतो. तत्त्व हे मात्र घटकांमधील संबंधाचे नाव असते. हा भेद समीक्षेत उतरला नाही, आणि म्हणूनच एखाद्या कवितेचा 'समतोल' वाखाणणारा प्रबंधकार कशाचा कशाशी समतोल, हे सांगण्यास स्वतःला बांधील मानत नाही. परीक्षकही बहुधा ते विचारीत नाहीत.

चित्रासमोर हा प्रश्न टाळता येत नाही. मध्याजवळचा मोठा फिकट आकार आणि कडेजवळचा लहानसा गडद ठिपका एकमेकांस तोलून धरतात, तेव्हा वजन कोठून येते हे बोट ठेवून दाखविता येते : गडदपणातून, आकारमानातून, कडेच्या सान्निध्यातून. चित्र उलटे धरून किंवा आरशात पाहून तोल पारखण्याची चित्रकारांची जुनी रीत आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम सर्वच ललितकलांना लागू केले. साहित्याचे माध्यम म्हणजे शब्दांचा नाद नव्हे, तर भावनात्मक अर्थ, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य होवो वा न होवो, संबंध कोणत्या द्रव्यात घडतो हे सांगण्याची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथानंतरच्या समीक्षेने 'लय' हा शब्द उचलला. त्यामागचा प्रश्न मागेच राहिला.

वास्तविक साहित्यात विषम समतोल दाखविता येतो, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्ञानेश्वरीतील ओवीचे पहिले तीन चरण सामान्यतः यमकाने बांधलेले असतात. चौथा आखूड आणि यमकाविना येतो. तीन चरणांचा भार तो एकटा चरण पेलतो, कारण यमकाची अपेक्षा मोडून तो कानाला थांबवितो. येथे 'समतोल' ही संज्ञा सार्थ आहे. मात्र चित्राप्रमाणे ओवी उलटी करून पारखता येत नाही. आखूड चरण आधी आला तर त्याचे वजनच नाहीसे होईल, कारण ते वजन आधीच्या तीन चरणांनी त्याच्या पदरात घातलेले असते. चित्रातील तोल नजरेला मागेपुढे फिरून तपासता येतो. ओवीतील तोल क्रमावर, म्हणजे काळावर, उभा असतो. संज्ञा उसनी घेताना हा फरक पुसला गेला, तर विश्लेषणाऐवजी केवळ गौरव हाती उरतो.

'पोत' हा शब्द मुळात कापडाचा. भाषेविषयी तो वापरावयाचा तर तत्सम व बोलीतील शब्दांची वीण, वाक्यांची लांबी, क्रियापदाची जागा यांकडे बोट दाखवावे लागेल. ते कष्टाचे असले तरी शक्य आहे. 'अवकाश' अधिक निसरडा. प्रभाकर बरवे हे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हा ग्रंथ मराठीत लिहिणारे चित्रकार. त्यांच्या चित्रांत एकमेकांपासून दूर ठेवलेल्या वस्तूंमधील रिकामी जागा वस्तूंइतकीच रचलेली असते. कवितेत दोन कडव्यांमधील कोरी जागा अशी रचलेली असू शकते. कादंबरीच्या 'अवकाशा'विषयी लिहिणाऱ्यास मात्र पुष्कळदा केवळ तिचा भूगोल किंवा विस्तार अभिप्रेत असतो. तसे असेल तर भूगोल आणि विस्तार हे शब्द मराठीत उपलब्ध आहेत.