रोमचा ‘प्रथम नागरिक’ आणि तेरची चौथाई

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव संत गोरोबाकाकांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ‘तगर’ या जुन्या नावाने ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तगरचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर आहे, आणि तेथून साधे कापड, मलमल व इतर जिन्नस गाड्यांवर लादून भडोच बंदरात आणले जातात, असे तो सांगतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात मिळाली आहे. आमच्या भागात या गोष्टीचा अभिमान बाळगला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु या कापडाच्या पैशातून रोममध्ये कोणाची सत्ता पोसली गेली, हा त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

रोमन लेखक प्लिनी याने तक्रार केली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सम्राट तिबेरिअस यानेही इ. स. २२ मध्ये सिनेटला लिहिताना स्त्रियांच्या रत्नांपायी परक्यांच्या घरात जाणाऱ्या पैशाबद्दल खंत व्यक्त केली होती. सत्ताधाऱ्यांची ही जुनी रीत आहे. हिशेबाचा प्रश्न आला की ते नीतीचे प्रवचन करतात! खरा हिशेब निराळा होता. पूर्वेचा माल इजिप्तच्या बंदरांत उतरला की त्यावर शेकडा पंचवीस जकात बसे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही रोमची चौथाई होय. सामान्य सैनिकाचे वार्षिक वेतन त्या काळी नऊशे सेस्टर्स होते. प्लिनीचा आकडा ढोबळ मानला तरी त्याच्या चौथ्या हिश्शात तेरा हजारांहून अधिक शिपायांचा, म्हणजे दोन लीजनांहून मोठ्या फौजेचा, वर्षाचा पगार भागत होता. तगरच्या विणकराने आपल्या मागावर जे विणले त्याचा काही अंश अशा रीतीने ऱ्हाइन नदीवरील छावणीतल्या शिपायाच्या हाती पडत होता. त्या शिपायाच्या जोरावर जो राज्य करीत होता, तो तेथवर कसा पोहोचला हे समजून घेणे म्हणूनच आपल्याला परके नाही.

आमच्या अभ्यासवर्गांत रोमचा विषय निघाला की तो स्पार्टाकसपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. गुलामांचे ते बंड इ. स. पू. ७३ ते ७१ या काळात झाले, आणि ते चिरडल्यावर सहा हजार बंडखोरांना रस्त्याच्या दुतर्फा क्रूसावर चढविण्यात आले. हे सांगावे यात शंका नाही. पण बंड कसे चिरडले गेले एवढेच सांगून भागत नाही. प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या राज्यात एकतंत्री सत्ता कशी उभी राहिली, तीही बहुतेक पावलांना कायद्याचा आधार दाखवीत, हा भाग कार्यकर्त्याच्या अधिक उपयोगाचा आहे.

त्याची सुरुवात जमिनीपासून होते. परदेशांतील युद्धांनी रोमला अमाप लूट व गुलाम मिळाले. श्रीमंतांनी सरकारी जमिनी बळकावून त्यांवर गुलामांकरवी मोठी शेती सुरू केली, आणि वर्षानुवर्षे लढाईवर गेलेला लहान शेतकरी परत आला तेव्हा त्याचे शेत दुसऱ्याच्या बांधात गेलेले होते. इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून म्हणून निवडून आलेल्या तिबेरिअस ग्राक्कसने सरकारी जमिनीवरील ताब्यास पाचशे युगेरांची, म्हणजे सुमारे तीनशे दहा एकरांची, मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा करवून घेतला. मराठवाड्यातील वाचकाला येथे १९५० चा हैदराबाद कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आठवेल. पण अधिक जवळचे साम्य गायरानाशी आहे. फरक इतकाच की, आमच्याकडे गायरान कसणारा भूमिहीन दलित ‘अतिक्रमक’ ठरतो व त्यासाठी १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह करावा लागतो. रोममध्ये अतिक्रमक हेच सिनेटमध्ये बसत होते! त्यांनी बाकांचे पाय मोडून हाती घेतले आणि ग्राक्कसला त्याच्या सुमारे तीनशे अनुयायांसह ठेचून मारले. प्रेते टायबर नदीत टाकण्यात आली. बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस याचीही तीच गत झाली.

सिनेटला वाटले, प्रजासत्ताक वाचले. वस्तुतः त्या दिवशी भूमिहीनाच्या प्रश्नाचा सनदशीर मार्ग तेवढा बंद झाला, प्रश्न जेथल्या तेथे राहिला. जे सिनेट देईना ते देऊ शकणारा दुसरा कोणी तरी पुढे येणारच होता, आणि तो सेनापती होता. इ. स. पू. १०७ मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्यांना फौजेत घेतले. अशा शिपायाला निवृत्तीनंतर जमीन हवी होती आणि ती मिळवून देण्यास त्याचा सेनापतीच समर्थ होता. यातून शिपायाची निष्ठा राज्याकडून माणसाकडे वळली. इ. स. पू. ८८ मध्ये सुल्ला आपल्याच राजधानीवर चालून निघाला तेव्हा एक वगळता त्याच्या सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याची साथ सोडली. शिपायांपैकी मात्र कोणी मागे राहिला नाही. अधिकाऱ्यांना घटनेची चाड होती आणि शिपायांना नव्हती, असा याचा अर्थ लावणारे इतिहासकार आहेत. आमच्या मते ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांना घटनेची चाड परवडत होती.

ज्यूलियस सीझरविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे विस्तार नको. दोनच गोष्टी नोंदवू. निवडणुका व जत्रा यांवरील खर्चाने तो कर्जात बुडाला होता. धनाढ्य क्रॅसस जामीन राहिला तेव्हाच तो प्रांताधिपती म्हणून रोमबाहेर पडू शकला. गॉल प्रांताच्या लुटीतून त्याने ते फेडले आणि पुढच्या राजकारणाचे भांडवलही उभे केले. दुसरी गोष्ट अशी की, इ. स. पू. ४९ च्या जानेवारीत त्याने रुबिकॉन नदी ओलांडली त्यामागे मोठे तत्त्व काही नव्हते. अधिकारपद सोडून तो नागरिक म्हणून परतला असता तर त्याच्यावर खटला उभा राहणार होता. चौकशी टाळण्यासाठी नदी ओलांडणारे आपल्यालाही अपरिचित नाहीत. ते फौजेऐवजी आमदार बरोबर नेतात एवढेच.

इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला ब्रूटस आणि त्याच्या मित्रांनी सीझरचा वध केला. त्यांच्यापाशी खंजीर होते. जमिनीचा, कर्जाचा, निवृत्त शिपायांचा कसलाच कार्यक्रम नव्हता. व्यक्ती मारली, तिला निर्माण करणारी परिस्थिती तशीच ठेवली. सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने स्वतःच्या पैशाने फौज उभारली, वीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी फौजेच्या धाकावर कॉन्सलपद मिळविले, आणि त्याच वर्षी अँटनी व लेपिडस यांच्याशी हातमिळवणी करून त्रिकुटाच्या अमर्याद अधिकारांना रीतसर कायद्याचे रूप दिले. मग मारावयाच्या माणसांच्या याद्या चौकात लागल्या. सिसेरोचे नाव त्यांत होते. याद्यांमागे सूड होता तसा खजिनाही होता, कारण मेलेल्याची मालमत्ता जप्त होत असे. पुढे शिपायांना वाटण्यासाठी इटलीतील अठरा नगरांच्या जमिनी ठरविण्यात आल्या. ज्या लहान शेतकऱ्याच्या नावाने हा सारा झगडा सुरू झाला होता, तोच पुन्हा एकदा बांधावरून उठविला गेला.

इ. स. पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या लढाईत अँटनीचा पराभव झाला, पुढल्या वर्षी इजिप्त घशात गेला, आणि ज्या देशातून रोमचे धान्य व हिंदुस्थानचा माल येत होता तो देश ऑक्टेव्हियनने खास आपल्या हाती ठेवला. सिनेटच्या सभासदाला त्याच्या परवानगीवाचून तेथे पाऊल ठेवण्यास बंदी होती. धान्याची कोठारे आणि जकातनाके एकाच्या हाती गेल्यावर सिनेटच्या ठरावांना काय किंमत उरली, हे सांगणे नको.

आता या कथेचा गाभा. इ. स. पू. २७ मध्ये या माणसाने सिनेटमध्ये उभे राहून आपले सर्व अधिकार परत केले! सिनेटने कृतज्ञतेने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली, आणि ज्या प्रांतांत बहुतेक लीजने होती ते प्रांत सांभाळण्याची विनंती केली. त्याने राजा ही पदवी कधीच घेतली नाही. तो स्वतःला ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे नागरिकांतील पहिला, म्हणवीत असे. सिनेट भरत होते, कॉन्सल निवडले जात होते, कागदोपत्री सारे पूर्ववत् होते. आपल्या कारकिर्दीचा जो लेख त्याने मागे ठेवला त्यात तो सांगतो की, अधिकार माझ्यापाशी सहकाऱ्यांहून अधिक नव्हते, वजन तेवढे अधिक होते. इ. स. पू. २३ मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार कायमचे घेतले. सामान्य जनांना उमरावांपासून संरक्षण मिळावे म्हणून निर्माण झालेले हे पद, ज्यावर असताना थोरला ग्राक्कस मारला गेला, तेच आता एकाधिपत्याचे भूषण बनले. जनतेचे नाव घेऊन जनतेची सत्ता काढून घेण्याचा याहून नमुनेदार प्रकार आम्हांस माहीत नाही. (इ. स. पू. ८ मध्ये सिनेटने एका महिन्यालाही त्याचे नाव दिले. १९४२ च्या क्रांतीला आपण मोठ्या प्रेमाने ज्या महिन्याचे नाव देतो तो हाच.)

लोकांनी हे का चालू दिले? शंभर वर्षांच्या यादवीने ते थकले होते, हे एक कारण; पण तेवढेच नव्हे. धाकट्या ग्राक्कसने स्वस्त धान्याचा कायदा केला होता. त्या धान्यावर नागरिकाचा हक्क होता. ऑगस्टसच्या काळात धान्य मिळतच राहिले, शिवाय वेळोवेळी रोख रक्कमही मिळू लागली, आणि घेणाऱ्यांची संख्या कधीही अडीच लाखांहून कमी नव्हती असे तो स्वतःच अभिमानाने नोंदवितो. मात्र आता ती त्याची देणगी होती. हक्कदार नागरिक हा लाभार्थी झाला. हा फरक आपल्या जिल्ह्याला ठाऊक असावयास हवा. १९७२ च्या दुष्काळात येथील माणसे खडी फोडीत होती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा जो कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला, त्याने मजुराला सांगितले की काम मागणे हा तुझा अधिकार आहे, काम न दिल्यास भत्ता द्यावा लागेल. त्या कायद्यावर कोणा नेत्याचे नाव नव्हते. आज योजनेच्या नावातच ‘मुख्यमंत्री’ वा ‘प्रधानमंत्री’ हा शब्द असतो आणि निवडणुकीच्या तोंडावर बँकेत पैसे जमा होतात. ते पैसे घेणाऱ्या बाईची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. तिला त्या पैशाची गरज आहे आणि तिने ते घ्यावेत. आक्षेप आहे तो पैसे देणाऱ्याच्या पवित्र्याला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरने मदतीच्या रांगा पाहिल्या आहेत. नावावर नोंद झालेले घर आणि कोणाच्या तरी हातून मिळालेले पोते यांत काय अंतर असते, ते येथील वृद्धांना समजावून द्यावे लागत नाही.

ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला. त्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या निवडणुका जनसभेकडून काढून सिनेटकडे देण्यात आल्या, आणि थोडी कुजबुज सोडली तर लोकांनी तक्रार केली नाही. निवडणुकीला अर्थच उरला नव्हता, मग तक्रार कशाची करावयाची? पुढे राज्यकर्ता ठरविण्याची कसलीही सर्वमान्य रीत उरली नाही. इ. स. ४१ मध्ये शरीररक्षकांनी क्लॉडिअसला गादीवर बसविले व त्याने प्रत्येकी पंधरा हजार सेस्टर्स मोजले. इ. स. ६९ या एका वर्षात चार सम्राट झाले. त्यांतील शेवटला व्हेस्पाझिअन याची द्वाही प्रथम अलेक्झांड्रियात फिरली, कारण धान्याची किल्ली तेथे होती. त्याच्यासाठी जो कायदा झाला त्याचा ब्राँझचा पत्रा आजही रोममध्ये आहे. राज्याच्या हिताचे जे जे वाटेल ते ते करण्याचा अधिकार त्यास असावा, असे त्यातील एक कलम म्हणते. इ. स. १९३ मध्ये तर शरीररक्षकांनी राज्यपदाचा चक्क लिलाव केला. तेव्हाही सिनेटने ठराव करून त्या खरेदीला मान्यता दिली होती.

२५ जून १९७५ च्या रात्री आपल्याकडे जे घडले तेही घटनेच्या ३५२ व्या कलमाखालीच घडले होते. संसद भरत होती, तिने स्वतःची मुदतही वाढवून घेतली. आमचे अनेक सहकारी तेव्हा तुरुंगात होते. रोम आणि आपण यांत भेद असा की, १९७७ च्या मार्चमध्ये येथील मतदाराच्या हाती मतपत्रिका होती आणि ती तिने वापरली. पण दिल्लीकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. गावातील सहकारी संस्थेची वार्षिक सभा दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकते, अध्यक्ष पंचवीस वर्षे तोच असतो, आणि ग्रामसभेच्या नोंदवहीत सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात; तेथेही सिनेट भरलेले असते आणि ‘प्रथम नागरिक’ खुर्चीवर असतो. त्याला गादी आपल्या गैरहजेरीने दिलेली असते.

लोहारा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढील ग्रामसभेपूर्वी तीन कागद मागावेत. गायरानाची व त्यावरील ताब्यांची नोंद. कमाल जमीनधारणेत अतिरिक्त ठरलेल्या जमिनीपैकी गावात किती वाटली गेली याची यादी. आणि रोजगार हमीवर कामाची मागणी करणाऱ्यांचे अर्ज व त्यांच्या पोचपावत्या. पोचपावती न देण्याची प्रथा पडली आहे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि शिक्का उमटल्याखेरीज कचेरीतून हलू नये.