महार रेजिमेंटच्या टोपीवरील स्तंभ: गुलामगिरीची खूण की हक्काचा पुरावा?

१/७
महार रेजिमेंटच्या जुन्या टोपीचिन्हाचे छायाचित्र कुठे दिसले की एक आक्षेप हमखास येतो: इंग्रजांचा विजयस्तंभ टोपीवर मिरवणे ही गुलामगिरीच होती. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. का, ते क्रमाने पाहू.

२/७
रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली; दुसरी १९४२ मध्ये कामठीला. नरखेड-काटोलकडच्या मित्रांनो, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. या दुसऱ्या बटालियनमधील एका अधिकाऱ्याने टोपीचिन्ह रेखाटले: कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' ही अक्षरे.

३/७
स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला, हे निर्विवाद. मात्र १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावेही त्यावर कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययावरून महारांची म्हणून ओळखली जातात.

४/७
पुढे याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली. १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

५/७
'तुम्ही लढाऊ नाही' म्हणणाऱ्या सरकारपुढे त्याच्याच दगडावरील नावे ठेवणे, याला लाचारी म्हणत नाहीत. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभापाशी गेले आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. १९४२ चे टोपीचिन्ह या लढ्यातून आले आहे.

६/७
आता आक्षेपकांचीच कसोटी सर्वांना लावू. कोरेगावला लढलेल्या पलटणीचा वारसा आज ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे आहे. तिच्या चिन्हात हॅनोव्हरचा पांढरा घोडा, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याची खूण, अद्याप आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातील बिगुलही ब्रिटिश परंपरेतलाच. त्यांना कोणी गुलाम म्हणत नाही; म्हणूही नये. मग एकटा स्तंभच का खुपतो?

७/७
१९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि चिन्हात स्तंभासोबत दोन विकर्स मशीनगन आल्या. कालांतराने स्तंभाच्या जागी खंजीर आला. चिन्ह बदलणे हा सैन्याचा अधिकार आहे. पण त्यावरून जुने चिन्ह लाजिरवाणे ठरत नाही. ते छायाचित्र पुढे पाठवाल तेव्हा १८१८ बरोबर १८९० चे दशक आणि १९४१ यांचाही उल्लेख अवश्य करा.