भाषा बदलली की पान हरवते!

एका देवस्थानच्या संकेतस्थळावर आम्ही उत्सवाचा कार्यक्रम मराठीत वाचीत होतो. तोच कोंकणीत पाहावा म्हणून भाषेची कळ दाबली, तो थेट मुखपृष्ठावर येऊन पडलो! गाभाऱ्यापाशी पोचलेल्या भक्ताला कोणी हात धरून महाद्वाराबाहेर नेऊन सोडावे, तशी आमची गत झाली.

हा दोष यंत्राचा नव्हे, योजकाचा आहे. प्रत्येक पानास भाषेगणिक स्वतंत्र व स्थिर पत्ता हवा आणि भाषेची कळ त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतील प्रतीकडे नेणारी हवी. भाषांतर झाले नसेल तर 'हे पान कोंकणीत अद्याप नाही' असे प्रांजळपणे सांगावे. वाचकास मुकाट्याने अन्यत्र ढकलू नये.

दुसरा अपराध याहून मोठा. काही संकेतस्थळे वाचकाचे ठिकाण ताडून त्याची भाषा ठरवितात. बेळगावचा म्हणून कानडी, बडोद्याचा म्हणून गुजराती! इंदूरच्या आप्तांस आम्ही धाडलेला मराठी दुवा तेथे हिंदीत उघडला, तो याच न्यायाने. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती राहूनही ज्यांनी घरात मराठी राखली, त्यांची भाषा नकाशावरून ठरविण्याचा अधिकार या मंडळींस कोणी दिला? वाचकाचा ब्राउझर त्याची भाषापसंती प्रत्येक विनंतीबरोबर कळवू शकतो. साक्षीदार हजर असता केवळ तर्काने निकाल देणे कोणत्या न्यायात बसते? अर्थात ही साक्षही सूचनेपुरतीच. वाचकाने स्वतः केलेली निवड अंतिम मानावी व ती लक्षात ठेवावी.

'सोयीसाठी एवढे चालायचेच,' असे कोणी म्हणतील. मग सोय तरी नीट करा! पत्ता कायमचा बदलला असेल तर ३०१, तात्पुरता असेल तर ३०२, असे पुनर्निर्देशनाचे संकेत ठरलेले आहेत. भाषेच्या अंदाजाला ३०१ लावला की ब्राउझर तो साठवून ठेवू शकतो. अंतरिम आदेशच मग अंतिम निकाल होऊन बसतो.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. कायद्याला एका घरात दोन भाषांची सोय करता आली, ती देवस्थानांच्या विश्वस्तांना एका संकेतस्थळावर करता येऊ नये काय? त्यांनी आजच आपल्या स्थळावरची भाषेची कळ स्वतः दाबून पाहावी, एवढीच आमची मागणी आहे.