डबा परत येतो का?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉल आवरताना आम्ही कचऱ्याच्या पिशव्या मोजल्या. अकरा भरल्या. जेवण नेहमीच्या उपाहारगृहातून मागवले होते, त्यामुळे भाजीचे ॲल्युमिनियमचे ट्रे, रायत्याच्या वाट्या, उरलेला पुलाव घरी न्यायला दिलेले प्लॅस्टिकचे डबे, सगळे एका संध्याकाळीच्या कामाचे. तेव्हा एका सभासदाने विचारले, "जर्मनीत तर परत करायच्या डब्यांचा कायदा झालाय ना? मग हे काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

कायदा आहे, आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. जो विक्रेता प्लॅस्टिकच्या डब्यात जेवण किंवा कोणत्याही एकदाच वापरायच्या पेल्यात पेय बांधून देतो, त्याने परत वापरता येईल असा पर्यायही ठेवला पाहिजे. तो महाग असता कामा नये. त्यावर फांड, म्हणजे ठेव, घेता येते. पाचपर्यंत कर्मचारी आणि ८० चौरस मीटरपर्यंत जागा असलेल्या छोट्या दुकानांना यातून सूट आहे, पण गिऱ्हाईकाने स्वतःचा डबा आणला तर त्यात जेवण भरून द्यायचे बंधन त्यांच्यावरही आहे.

ऐकायला उत्तम! प्रत्यक्षात पहिल्या वर्षानंतरच्या पाहणीत परतीच्या डब्या-पेल्यांचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली निघाला. असे का व्हावे?

एक कारण कायद्यातच आहे. जेवणाच्या डब्यांपुरते बंधन प्लॅस्टिकला आहे. ॲल्युमिनियमचा ट्रे किंवा प्लॅस्टिक नसलेला पुठ्ठ्याचा खोका वापरला की पळवाट मिळाली. दुसरे कारण असे, की पर्याय ठेवणे सक्तीचे आहे, घेणे नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस सुचवत नाही, आणि डबे कपाटातच राहतात.

पण खरी अडचण आम्हाला परतीच्या वाटेची वाटते. याच देशात २००३ पासून बाटल्यांवर ठेव आहे. २५ सेंटसाठी आपण सारे रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन दुकानात जातो, कारण आठवड्याच्या खरेदीला तिथे जायचेच असते आणि यंत्र दारातच असते. जेवणाच्या वाडग्याचे तसे नाही. म्युनिकच्या बाजूने सुरू झालेल्या रीकपची पद्धत ठेवीची, तर कोलोनहून सुरू झालेल्या व्हायटलची ॲपवर नोंदीची. एकीचा वाडगा दुसरीकडे चालत नाही, आणि कायद्यानेही दुकानदाराला फक्त स्वतः वापरात आणलेला प्रकारच परत घ्यावा लागतो. डेन्मार्कमधील ऑर्हूस शहराने जानेवारी २०२४ मध्ये याच मुद्द्यावर तीन वर्षांचा प्रयोग सुरू केला: अनेक कॅफेंना एकच पेला, ५ क्रोनर ठेव, आणि रस्त्यांवर तो परत घेणारी यंत्रे.

दुसरा मार्ग कराचा. ट्युबिंगन शहराने जानेवारी २०२२ पासून एकदाच वापरायच्या डब्यावर किंवा पेल्यावर ५० सेंट आणि चमच्या-काट्यांवर २० सेंट कर लावला. मॅकडोनल्ड्सची तिथली शाखा चालवणाऱ्या व्यावसायिकाने तो कोर्टात नेला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाचा निकाल शहराच्या बाजूने जाहीर झाला. कॉन्स्टान्झनेही त्याच महिन्यापासून असा कर सुरू केला. उलट बव्हेरियाच्या सरकारने आपल्या शहरांना तो लावू द्यायचा नाही असे २०२५ मध्ये ठरवले. म्हणजे एकाच देशात दोन दिशा.

आता आपल्याकडचे पाहा. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत तुम्हाला आठवत असेल. शेजारी गेलेला डबा कोणाचा, हे कधी विचारावे लागले नाही, आणि तो रिकामा परत पाठवायचा नाही, हा तर दंडकच! मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करत आले आहेत. ज्या हातांनी डबा जातो, त्याच व्यवस्थेने तो त्याच दिवशी घरी परततो. ओळख किंवा ठरलेली फेरी असेल तर ठेव लागत नाही. अनोळखी शहरात ती लागते, आणि डबा परत द्यायला जवळ जागाही लागते.

उपाहारगृहवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचे म्हणणे सरळ होते: स्वयंपाकघर लहान, भांडी धुवायला एकच माणूस, आणि हळदीचा पिवळा डाग प्लॅस्टिकच्या वाडग्यावरून निघता निघत नाही. पुढच्याला तो वाडगा धुतलेला असूनही घाण वाटतो. या तक्रारी खोट्या नाहीत. त्यांच्यावर सगळा भार टाकून आपण मोकळे होणे बरोबर नाही.

शिवाय युरोपीय संघाचा नवा नियम येतो आहे. ठरलेल्या तारखांप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून गिऱ्हाईकाच्या डब्यात जेवण भरून देणे आणि फेब्रुवारी २०२८ पासून परतीचा पर्याय ठेवणे सगळ्या सदस्य देशांत बंधनकारक होईल. परतीच्या पर्यायातून अगदी लहान व्यवसायांना सूट आहे. पण पर्यायाची सक्ती केवढी पुरते, ते जर्मनीत दिसलेच आहे.

मंडळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण अनोळखी नाही. जेवण देणारा ठरलेला, जेवणारे ओळखीचे, हॉल एकच. म्हणून समितीने ठरवले आहे की यंदाच्या दिवाळीला जेवण उपाहारगृहाच्या स्टीलच्या पातेल्यांत आणायचे, ती धुऊन दुसऱ्या दिवशी आपणच पोचवायची, आणि उरलेले घरी न्यायला प्रत्येक कुटुंबाने स्वतःचा डबा आणायचा. पातेली पोचवायला दोन गाड्या आणि चार माणसे हवी आहेत. आपली नावे समितीकडे जरूर कळवा.

आणि हो, डब्यावर नाव घालायला विसरू नका!