ढगांआडचे अरण्य

वास्कोहून हुबळीकडे जाणारी आगगाडी घाट चढून, लोंढा मागे टाकून अळणावरला येते. दांडेलीच्या अरण्यातील लाकूड ज्या फाट्याने बाहेर पडत असे, तो फाटा येथेच मुख्य मार्गास मिळतो. पूर्वेस धारवाडचा मोकळा मुलूख, पश्चिमेस घाटापर्यंत पसरलेले रान. हे रान टिकते की विरळ होत जाते, हा प्रश्न केवळ अळणावरकरांचा नव्हे. हिमालयातील नद्यांच्या गाठीशी बर्फाची ठेव असते. आमच्या म्हादईच्या व काळीच्या गाठीशी घाटमाथ्याच्या अरण्याचीच.

ही ठेव मोजावयाची कशी? भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल मुख्यतः पावसाळ्यानंतरच्या निरभ्र दिवसांतील उपग्रह-चित्रांवर आधारलेले असतात. पावसाळ्यातील रान ढगांआड राहते. शिवाय एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के छत्र असले की काजूची बागही वनाच्छादनात जमा होते.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह यातील पहिली अडचण दूर करू शकतो. त्याचे सूक्ष्मतरंग ढग व अंधार दोन्ही भेदतात. दर १२ दिवसांनी तो त्याच मार्गावर परततो. त्याच्या दोन तरंगांपैकी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचा तरंग पानांपाशी न अडता फांद्या-खोडांवरून परावर्तित होतो. त्यावरून लाकडाचा अंदाज बांधता येतो. हिमालयातील बर्फाच्या हालचालीही याच उपग्रहाने टिपता येतात.

परंतु यंत्रासही मर्यादा आहेत. हेक्टरी सुमारे १०० टनांपलीकडे जैवभार गेला की परतणारा संकेत फारसा वाढत नाही. सह्याद्रीच्या दाट रानात नेमके हेच घडावयाचे! तेथील काही जुने वृक्ष पडले, तरी आकाशातून रान तितकेच दाट दिसेल. अशा रानांसाठी युरोपने २९ एप्रिल २०२५ रोजी ७० सेंटिमीटर तरंगाचा निराळा उपग्रह सोडला. पण त्याचेही मोजमाप जमिनीवर पडताळावेच लागते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : कर्नाटक व गोवा या दोन्ही सरकारांनी अळणावरपासून मोलेपर्यंत ठरावीक ठिकाणी झाडांचे घेर दरवर्षी मोजावेत, उपग्रहाच्या आकड्यांशी ते ताडून पाहावेत आणि निष्कर्ष ग्रामपंचायतींपुढे लोकांच्या भाषेत मांडावेत. ‘निसार’ची माहिती विनामूल्य खुली आहे, सबबीस जागा नाही. म्हादईच्या पाण्यावरून भांडणाऱ्यांनी ते पाणी धरून ठेवणाऱ्या रानाची मोजणी तरी एकत्र बसून करावी. उपग्रह कुऱ्हाड दाखवील. ती थांबवावयाचे काम माणसांचेच आहे.