प्रवाहाचा जमाखर्च

गेल्या महिन्यात अभियांत्रिकी पदविकेच्या अंतिम वर्षात शिकणारा माझा नातू रडवेल्या चेहऱ्याने माझ्यापाशी आला. हात पुढे करताच झाकण उघडणारी, ओल्या व सुक्या कचऱ्याचे दोन कप्पे असलेली पेटी त्याने मित्रांसह तयार केली होती. एक झाकण सुरळीत चाले. दोन्ही एकदम उघडू लागली की अर्दुइनो बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. प्रात्यक्षिक सहा दिवसांवर आलेले. "आजोबा, प्रोग्रॅम तीनदा तपासला. बाबा म्हणतात, बाजारातून तयार प्रकल्प विकत आणू."

आपल्या व्यापारी घरांत हा मोह सहज होतो. परीक्षकाने एक तार काढून "आता काय होईल?" असे विचारले, म्हणजे विकतचा माल उघडा पडतो.

मी वाणिज्य शाखेचा. प्रोग्रॅम मला कळत नाही. मी एवढेच विचारले, "कोणत्या भागाला किती वीजप्रवाह लागतो, हे कोठे लिहिले आहे का?" लिहिलेले नव्हते. मग कागदावर दोन रकाने आखले. जमेला संगणकाच्या यूएसबी जोडणीतून मिळणारे ५०० मिलिअँपिअर. खर्चाला बोर्ड, संवेदक आणि दोन सर्व्हो मोटारी. लहानशी सर्व्हो मोटारही झाकण उचलताना अडली, तर एकटीच चारशे-पाचशे मागते. दोघी एकदम उठल्या की उचल जमेबाहेर जाते, व्होल्टेज घसरते आणि बोर्ड मान टाकतो. प्रोग्रॅम निर्दोष होता!

मोटारींना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा दिला. धन तारा वेगळ्याच ठेवल्या. ऋण तारा मात्र एकत्र जोडल्या, कारण त्याशिवाय बोर्डाचा संकेत मोटारीला नीट कळत नाही.

दुसरी अडचण माणसांची. हात काठावर रेंगाळला की झाकण फडफडे. म्हणून उघडण्याचे अंतर १५ सेंटिमीटर आणि मिटण्याचे २५ ठेवले. हे घरातल्यांना वापरायला दिल्यावरच सुचले; बनवणारा स्वतः नेहमी बरोबर जागीच हात धरतो.

प्रात्यक्षिक पार पडले. परीक्षकांनी तो कागद मागून घेऊन वाचला, असे नातू सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी शालीतला हात पुढे केला, तर मात्र झाकण अजूनही हलत नाही. संवेदक ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो आणि लोकर तो ध्वनी शोषून घेते. तूर्त त्या शाल सावरून हात पुढे करतात.