डोंगर त्यांचा, पाटी साहेबाची

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण एका डोंगराच्या नावावरून आहे आणि डोंगर आहे पार आर्क्टिकात.

कॅनडाच्या एल्समीर बेटावर, सुमारे ८२ अंश उत्तर अक्षांशावर, बार्बो शिखर आहे. उंची २६१६ मीटर, नुनावुत प्रदेशातलं सर्वांत उंच. १९६७ मध्ये हॅटर्सली-स्मिथ यांच्या तुकडीने ते सर केलं आणि १९६९ मध्ये त्याला मारियस बार्बो या मानववंशशास्त्रज्ञाचं नाव मिळालं. माणूस मोठा. मूळनिवासींच्या कथा-गाणी गोळा करण्यात त्यांनी हयात घालवली. पण त्यांचं काम मुख्यतः क्वेबेक आणि ब्रिटिश कोलंबियातलं. या बर्फाशी त्यांचा संबंध काय?

बरं, ते एक वेळ सोडू. शिखर ज्या रांगेत आहे तिचं नाव काय, तर 'ब्रिटिश एम्पायर रेंज'! साम्राज्य बुडालं, पाटी तशीच. बेटाचं नावही १८५२ मध्ये एका इंग्रज उमरावावरून ठेवलेलं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "इतक्या दूर राहतंय कोण? नाव नव्हतं म्हणून दिलं."

दूर? कुणापासून दूर? लंडनपासून ना! त्याच बेटाच्या उत्तरेला हेझन सरोवराच्या परिसरात चार हजार वर्षांपूर्वीही माणसं वावरत होती. १९५३ मध्ये तर कॅनडा सरकारनेच क्वेबेकमधली इन्युइट कुटुंबं उचलून या बेटाच्या दक्षिणेला नेऊन ठेवली. त्या हालअपेष्टांबद्दल माफी मागायला २०१० साल उजाडलं. देशाचा हक्क सांगायला ही माणसं चालतात, मग नाव ठेवताना का आठवत नाहीत?

गंमत पाहा. हिमथरातून डोकं वर काढणाऱ्या अशा शिखरांना जगभरचे भूगोलवाले 'नुनाटक' म्हणतात. तो शब्द इन्युइटांचाच. म्हणजे शब्द त्यांचा घ्यायचा आणि पाटी आपली लावायची!

"नावं बदलली तर गोंधळ होतो," असंही म्हणतात. १९९९ मध्ये नुनावुत वेगळा झाला तेव्हा इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं 'एल्समीर' नाव जाऊन 'कुत्तिनिर्पाक' झालं, म्हणजे जगाचा माथा. त्यामुळे कुणी वाट चुकल्याचं ऐकिवात नाही. उद्यानाला जमतं ते डोंगररांगेला का जमू नये?

नवं नाव काय असावं हे मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. ज्यांना तिथे राहायला लावलं, त्यांना आधी विचारा. एवढंच म्हणणं आहे.

असो. पटत नसेल तर खुशाल भांडा.